जुन्या जीपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: कूलरच्या लाइनी कुठून न्यायच्या, कशा बांधायच्या

खानापूरच्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. त्याने जुन्या एमएम ५४० जीपवर अपघातात गेलेल्या एका डिझेल एसयूव्हीचं इंजिन आणि तिचाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलाय. माउंटिंग झालं, प्रोपेलर शाफ्ट नव्याने करून झाले. आता गिअरबॉक्सच्या तेलाच्या दोन लाइनी पुढे रेडिएटरपर्यंत न्यायच्या आहेत. तो लिहितो, "काका, फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी चालेल का? आमचा फिटर म्हणतो, रबरी पाइप गिअरबॉक्सपासून सरळ पुढे ओढ, चेसिसला केबल टायने आवळ, झालं काम. आणि जादा कूलर रेडिएटरच्या आधी की नंतर?"

तांबं नको. सबंध लांबीला रबर नको. केबल टाय अजिबात नको. कूलर रेडिएटरच्या नंतर. आता कारणं सांगतो, कारण तुझ्या गाडीखाली जागा किती आणि कशी उरलीय ते मला इथून दिसत नाही. ते तुलाच बघून ठरवायचं आहे.

आधी त्या लाइनीत काय वाहतं ते बघ. ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तयार होते. चढावर कमी वेगाने जाताना कन्व्हर्टर लॉक होत नाही, आतलं तेल नुसतं घुसळत राहतं आणि तापतं. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट परत चढून येताना हे होतंच. पण आपल्याकडे त्याहून वाईट प्रसंग सपाटीवरचा आहे. गळीत हंगामात निपाणी-चिकोडीच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलास की वेग नाही, वारा नाही, आणि कन्व्हर्टरचं घुसळणं चालूच. तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं तर गिअरबॉक्स सुखी. त्यावर साधारण दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं असा जुना ठोकताळा आहे. १२० च्या वर रोज जात असेल तर क्लचप्लेटा जळायची वाट बघायची.

आता दाब. इथेच सगळे फसतात. कूलर लाइनीतला दाब चालू गाडीत बहुधा ५० पीएसआयच्या आत असतो. थंड तेलावर सुरू करताना तो काही वेळ बराच वर जातो, तरी हायड्रॉलिकवाल्याच्या दृष्टीने तो दाबच नव्हे. बेळगावात हायड्रॉलिकचा धंदा मोठा, त्यामुळे उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, गेलास की लोक तुला जेसीबीला लावायचा दोन तारजाळ्यांचा होज काढून देतील आणि म्हणतील, हा फुटला तर पैसे परत. बरोबर आहे, तो फुटणार नाहीच. पण या लाइनी दाबाने फुटून जातात असं फार क्वचित बघायला मिळतं. त्या घासून जातात, हलून हलून तडकतात, किंवा तोंडातून निसटतात. म्हणून माझ्या मते पाइप कुठला यापेक्षा तो कशाला बांधला हा प्रश्न मोठा.

जीपमध्ये दोन वेगळी धुडं आहेत असं धर. एक इंजिन-गिअरबॉक्सचं, रबरी माउंटिंगवर डुलणारं. दुसरं चेसिसचं, ज्यावर रेडिएटर आणि कूलर बसलेत. डिझेल इंजिन बंद करताना जो शेवटचा झटका देतं तो बघ. शिवाय ब्रेक दाबून रिव्हर्समधून डी-मध्ये टाकलं की ते धूड एका कुशीवर कलतं. एखाद्या मित्राला गाडीत बसवून हे करून घे आणि तू बाजूला उभा राहून बघ, गाडीसमोर किंवा खाली नव्हे. जी हालचाल दिसेल तितकी तुझ्या लाइनीला रोज सोसायची आहे. म्हणून नियम एकच: कडक नळीचा एक तुकडा एकाच धुडाला बांधायचा. गिअरबॉक्सवरून निघालेली लोखंडी नळी गिअरबॉक्सला आणि इंजिनलाच क्लिपा मारत पुढे ने. चेसिसला त्या नळीचा एकही क्लिप नको. पुढे इंजिन संपतं तिथे नळी संपव, आणि तिथून रेडिएटरपर्यंतच्या फटीवर लवचिक होज टाक. उलटंही करता येतं: गिअरबॉक्सपाशीच छोटा होज देऊन पुढची सगळी कडक नळी चेसिसच्या आतल्या अंगाने नेता येते. जीपमध्ये मला हे दुसरं आवडतं, कारण चेसिसचं चॅनेल नळीला आपोआप आडोसा देतं आणि इंजिन उतरवताना फक्त दोन होज सोडावे लागतात. फिटरचा मार्ग, म्हणजे सबंध रबर आणि टाय, यात हालचाल सोसली जाते हे खरं. पण मीटर-दीड मीटर रबर लोंबकळत राहतं, तापलं की आणखी झुकतं आणि शेवटी कशावर तरी टेकतं.

नळी कुठली घ्यायची? तीन सुती, म्हणजे ३/८ इंच, नाहीतर अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंच किंवा ८ मिमी. गिअरबॉक्सच्या मूळ गाडीत जे माप होतं त्याहून बारीक करू नकोस. शिवणरहित स्टीलची नळी, नाहीतर ब्रेक-डिझेल लाइनीसाठी मिळते तसली लेप दिलेली स्टील नळी. निकेलमिश्रित तांब्याची नळी मिळाली तर उत्तम. ती गंजत नाही आणि हाताने वळते. साधं फ्रिजचं तांबं मात्र कंपनाने कडक होत जातं आणि बरोबर फ्लेअरच्या, म्हणजे नळीच्या टोकाला फुलवलेल्या तोंडाच्या, मानेपाशी गोल तडकतं. पहिल्या वर्षी काही होत नाही म्हणून लोक त्याचं कौतुक करतात.

वळवायला बेंडर वापर. आपल्याकडे नळीत वाळू भरून वळवायची जुनी रीत आहे. सायलेन्सरच्या पाइपाला ती ठीक, इथे नको. एक कण जरी आत राहिला तर तो थेट व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअर बदलणाऱ्या तेलाच्या झडपांच्या ठोकळ्यात, जातो. कापायलाही हॅक्सॉ नको, नळी कापायचा चाकवाला कटर घे, आतली कडा साफ कर, आणि फ्लेअर मारायच्या आधी नट नळीवर चढवलास का ते बघ. हसू नकोस, अनुभवी हातसुद्धा हे विसरतात.

फ्लेअरवर जरा थांबतो, कारण आपल्या भागात गोंधळ इथेच होतो. फ्रिज-एसीवाल्याकडचं फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं असतं. मोटार लाइनीचे फ्लेअरही बहुतेक ४५ चे. उद्यमबागेत हायड्रॉलिकवाल्याकडे मिळणारं जेआयसी फिटिंग ३७ अंशांचं. त्याच्याच शेजारच्या खणात बीएसपी फिटिंग असतं, त्याचा कोन ६० अंशांचा. आणि फेरूलवालं, म्हणजे नळीला चावून बसणाऱ्या कड्याचं, डिन फिटिंग असतं, ते २४ अंशांचं. बाहेरून सगळी सारखीच चकाकतात. तीन सुती मापात एक बरं आहे: ४५ च्या फ्लेअरला ५/८ इंच १८ आट्यांचा नट लागतो आणि जेआयसीला ९/१६ इंच १८ आट्यांचा, त्यामुळे चुकीचं जोडायला गेलास तर चढणारच नाही. पण अडीच सुतीत दोन्हीचे आटे अगदी सारखे, अर्धा इंच २० आटे. नट मजेत चढतो, आवळला जातो, आणि आत ४५ चा फ्लेअर ३७ च्या कोनावर फक्त एका रेघेवर टेकलेला असतो. थंड गाडीत गळत नाही. घाटात तापलं की पाझरतं. मग लोक आणखी आवळतात आणि फ्लेअर चिरतो. म्हणून एकच पद्धत ठरव. माझं मत विचारशील तर सगळं जेआयसी ३७ कर, नळीच्या मागे स्लीव्ह घालून, कारण होजला तीच तोंडं बेळगावात उभ्या उभ्या क्रिंप करून, म्हणजे मशीनने दाबून बसवून, मिळतात. फ्लेअर मात्र ३७ च्या टूलनेच मारून घे. ते हायड्रॉलिकवाल्याकडे असतं, फ्रिजवाल्याकडे नाही.

नळाच्या कामातलं पितळी फेरूल कधीही वापरू नकोस. हायड्रॉलिकचं स्टील फेरूल जाड भिंतीच्या नळीला चांगलं चावतं, पण पातळ नळीवर ते नळीच दाबतं. तेही टाळ.

होजचं सांगतो. डिझेलचा पाइप आणि हा पाइप एक नव्हे. गिअरबॉक्सच्या तेलासाठी जो रबरी होज असतो त्यावर एसएई जे१५३२ असं छापलेलं असतं. तो मिळाला तर घे. नाहीतर उद्यमबागेतून टेफ्लॉनच्या अस्तराचा, स्टेनलेस जाळीचा १००आर१४ होज क्रिंप करून आण; तो २०० अंशांपर्यंत टिकतो. साधा १००आर१ किंवा आर२ हा १०० अंशांचा होज. इंजिनच्या थंड बाजूला, रेडिएटरनंतरच्या परतीच्या लाइनीत चालून जाईल, पण जायच्या लाइनीत मी लावणार नाही. शिवाय तो ताठ: तीन सुती होजला १२७ मिमीपेक्षा लहान वळण देता येत नाही, आणि जीपच्या पुढच्या भागात तेवढी ऐसपैस जागा कुठे? होज कापताना ताणून मोजू नकोस. दाबाखाली त्याची लांबी थोडी बदलते आणि वर इंजिनची हालचाल आहे. थोडं पोट राहू दे. बसवताना पिळ पडला नाही ना हे होजवर छापलेल्या ओळीवरून कळतं, ती सरळ जायला हवी. स्टेनलेस जाळी दिसायला देखणी, पण ती कानशीच आहे. जिथे टेकेल तिथलं अॅल्युमिनियम, वायर, रेडिएटरची टाकी सगळं खाईल. वर स्लीव्ह चढव.

क्रिंप न करता रबर नळीवर चढवून क्लिप मारायचा असेल तर नळीच्या टोकाला गोल उठावाची कड काढून घ्यायलाच हवी. गुळगुळीत नळीवर कितीही आवळलं तरी तेलाने ओलं झालेलं रबर एक दिवस सरकतं. होज कडेच्या पुढे २५-३० मिमी चढव आणि क्लिप कडेच्या मागे मार. खाच्यांच्या पट्टीचा वर्म क्लिप रबर कापतो. गुळगुळीत पट्टीचा, नटबोल्टवाला क्लिप घे.

आता बांधणं. रबर लावलेले पी आकाराचे क्लिप, ३०० ते ४५० मिमीवर एक. प्रत्येक वळणाच्या अलीकडे-पलीकडे एक, आणि नळी संपून होज सुरू होतो तिथून १००-१५० मिमीच्या आत एक. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर होजची सगळी थरथर फ्लेअरच्या मानेवर येते. क्लिपमधलं रबर काळं दिसलं म्हणजे चाललं असं नाही. काही क्लिपांत ईपीडीएम रबर असतं, ते तेलाने फुगून मऊ होतं. नायट्राइलचं माग. जायची आणि यायची अशा दोन्ही नळ्या एकमेकींना घासू देऊ नकोस. दोन खाच्यांचा ब्लॉक क्लिप हायड्रॉलिकवाल्याकडे मिळतो, तो छान बसतो. क्लिपाचा बोल्ट चेसिसला भोक पाडून लावायचा असेल तर उभ्या भिंतीच्या मधोमध पाड, वरच्या-खालच्या पट्टीला नको. आणि भोकाला रंग लाव, खानापूरचा पाऊस काय असतो हे तुला मी सांगायला नको. केबल टाय वायरिंगसाठी ठेव.

लाइन कुठून न्यायची? आधी सायलेन्सर कुठल्या बाजूने जातो ते बघ आणि दुसरी बाजू धर. टर्बोच्या खालच्या पाइपापासून किमान १०० मिमी अंतर. तेवढं मिळत नसेल तर मधे पत्र्याची ढाल, आणि ढाल नळीला न टेकणारी. हे तेल साधारण १८० ते २०० अंशांवर पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, चढावर टर्बोचा पाइप त्याहून खूप तापतो, तेव्हा इथली गळती म्हणजे नुसता डाग नव्हे. सीटखाली आग विझवायचा सिलिंडर असू दे. स्टिअरिंगचा शाफ्ट पूर्ण डावीकडून उजवीकडे फिरवून बघ. पुढचं चाक जॅकने वर-खाली करून अॅक्सल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट कुठपर्यंत येतात तेही बघ; पाटे दबल्यावर जागा वेगळीच दिसते.

आणि प्रोपेलर शाफ्टच्या आसपास लाइन लोंबती ठेवूच नकोस. सौंदत्ती-रामदुर्गकडे सुगीत शेतकरी मळणीसाठी पीक रस्त्यावर पसरतात. त्यावरून गाडी नेली की ताटं शाफ्टला गुंडाळतात, त्याचा दोर वळला जातो आणि जवळचं जे काही सैल असेल ते ओढून तोडतो: हँडब्रेकची केबल, वायर, तेलाची लाइन. पाचटाचंही तेच. चेसिसच्या चॅनेलच्या आत घट्ट बसवलेल्या नळीला ताट सहसा पोचत नाही.

गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं आहे हे हात लावायच्या आधी आठव. मूळ गाडीचं फिटिंग शक्यतो तसंच ठेव, पुढे अॅडॉप्टर लाव. आवळताना दोन पाने: एकाने कवचातलं फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. बँजो, म्हणजे पोकळ बोल्टवर बसणारं गोल तोंड, असेल तर दोन्ही वॉशर नवे. टेफ्लॉन टेप फ्लेअरवर लावायची गरजच नसते, आणि निमुळत्या आट्यांवरही मी लावू देत नाही. तिची चिंधी सुटून कूलरच्या बारीक वाटेत अडकते. तिथे आटा बंद करायची पेस्ट, तीही पहिले दोन आटे सोडून.

जायची लाइन कुठली, यायची कुठली? मॅन्युअल असेल तर त्यात बघ. नसेल तर दोन्ही तोंडांना स्वच्छ पाइप लावून डब्यात सोड, तेल भरपूर भर, गाडी चालू करून न्यूट्रलमध्ये काही सेकंद ठेव. ज्यातून तेल येईल ती जायची. याच वेळी प्रवाहही मोज. २० सेकंदांत साधारण एक लिटर आलं तर पंप आणि वाट ठीक. नंतर कूलर आणि लाइनी जोडून परतीच्या टोकाशी हेच माप पुन्हा घे. फार घटलं तर कुठेतरी आडकाठी आहे. तेल संपेपर्यंत इंजिन चालवू नकोस.

जादा कूलर: गिअरबॉक्स, मग रेडिएटरच्या टाकीतला कूलर, मग बाहेरचा कूलर, मग परत. रेडिएटर मोठी उष्णता काढतो, शिवाय थंडीत तेल लवकर गरम करतो. बाहेरचा कूलर उरलेलं काढतो. पत्र्यांच्या थरांचा कूलर घे, रेडिएटरच्या पुढे २०-२५ मिमी फट ठेवून, स्वतःच्या ब्रॅकेटवर. रेडिएटरच्या जाळीतून आरपार प्लॅस्टिकच्या काड्या घालून बांधायची पद्धत दिसते. ती नळ्या खाऊन रेडिएटर फोडते. तोंडं वर किंवा आडवी, खाली नकोत. हवा आत अडकते. आणि तुझा रेडिएटर जुना असेल तर त्यातल्या कूलरची खात्री करून घे. तो आतून फुटला की पाणी आणि तेल मिसळून सोलकढीसारखा गुलाबी रंग होतो. पाण्याने क्लचप्लेटांचं अस्तर सुटतं, आणि मग गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही. शंका असेल तर तो कूलर बाजूला टाकून मोठा बाहेरचा कूलर आणि पंखा लाव. अपघाताच्या गाडीचा कूलर धुऊन वापरायचा विचार करत असशील तर नको. पत्र्यांच्या कूलरमधला बारीक चुरा पूर्ण निघत नाही. नवा घे आणि परतीच्या लाइनीत चुंबकवाला फिल्टर टाक.

तापमानाचा सेन्सर जायच्या लाइनीत लावलास तर आकडा पॅनपेक्षा, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या टाकीपेक्षा, जास्त दिसेल, घाबरू नकोस. ते कन्व्हर्टरमधून थेट आलेलं तेल आहे. वर सांगितलेले ८०-९५ पॅनचे समज.

गिअरबॉक्सला जोडण्याआधी लाइनी आणि कूलर यांचं एक टोक बंद करून दोन-तीन बार हवा भर आणि साबणाचं पाणी लाव. मग तेल, मग पहिले ५० किलोमीटर, मग प्रत्येक नट आणि क्लिप पुन्हा बघ. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून आणि त्या गिअरबॉक्सला सांगितलेल्या तापमानालाच बघायची. गळती शोधताना तुमच्याकडची एक अडचण आहे: जांबोटीचा चिखल तांबडा आणि हे तेलही तांबडं. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. गाडी धुऊन, कोरडी करून, प्रत्येक जोडावर पांढरी चिंधी फिरव. चिखल झटकून पडतो, तेल चिंधीत पसरतं.

इंजिन बदलाची परवानगी आरटीओकडून घेतलीस ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं ते. नसेल घेतली तर सीमेवरच्या नाक्यावर नव्हे, अपघाताच्या वेळी विमावाल्याकडे अडशील.

गाडीत तीन सुती होजचा हातभर तुकडा, दोन दुतोंडी जोडण्या, चार क्लिप आणि त्याच ग्रेडचं दोन लिटर तेल ठेव. घाटात बाहेरचा कूलर दगडाने फुटला तर त्याच्या दोन्ही लाइनी काढून त्या तुकड्याने एकमेकींना जोड, तेल भर, आणि रेडिएटरच्या कूलरवर हळू हळू घरी ये. दोन्ही टोकं नुसती बंद करू नकोस. प्रवाह तुटला तर कन्व्हर्टर तापेल आणि पुष्कळ गिअरबॉक्सांत त्याच परतीच्या तेलावर वंगण चालतं, तेही थांबेल.